‘सद्बुद्धी दे’ एवढ्यावर प्रार्थना थांबते तेव्हा

पत्राचा सारांश: सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. त्या एका प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद. दर शुक्रवारी संध्याकाळी सात-आठ घरांची प्रार्थनासभा त्यांच्या खळ्यात भरते आणि वर्षभरापासून ती त्याच चालवतात. पास्टरसाहेबांनी सांगितल्यापासून सभेत राजकीय पुढाऱ्यांच्या आत्मिक वाढीसाठी प्रार्थना होते. पण तिथे आता भांडणाचा वास येऊ लागला आहे. काही घरं एका पक्षाची, काही दुसऱ्या. एक बंधू दर वेळी ‘प्रभू, आमच्या साहेबांना सद्बुद्धी दे’ असं म्हणतात आणि निम्मी सभा गालात हसते. भागातल्या एका लोकप्रतिनिधींनी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा शब्द दोनदा दिला. बंधारा झाला नाही आणि बाईंच्या बहिणीच्या घरामागच्या माडांची एक रांग समुद्रानं नेली. त्यात येत्या नाताळात त्याच साहेबांना वेदीजवळ बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचं मंडळीत ठरत आहे, ते बाईंना पटत नाही. बाई विचारतात: ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या आत्मिक वाढीसाठी आपण कसं मागायचं? ते आगाऊपणाचं नाही का? इतक्या महिन्यांत काहीच बदललं नाही, मग उपयोग काय? आणि शेवटी, ‘त्यांचं नाव घेताना माझा घसा दाटतो, तरी मी प्रार्थना चालवते. हे ढोंग आहे का?’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. हे ढोंग नाही. मात्र तुमच्या सभेत दोन वेगळ्या प्रार्थना एकाच वाक्यात कोंबल्या जात आहेत, आणि त्यामुळे दोन्ही बिघडत आहेत.

एक आहे गाऱ्हाणं. आपल्या भागात गाऱ्हाण्याचा सूर कोणाला शिकवावा लागत नाही. गावातलं गाऱ्हाणं आणि त्यावरचं ‘व्हय म्हाराजा’ लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर आहे. आपल्या शास्त्रातही गाऱ्हाणी भरपूर आहेत. दहावं स्तोत्र सुरूच होतं ते ‘परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस’ या प्रश्नानं. चौऱ्याण्णवाव्या स्तोत्रात कायद्याच्या आडून अन्याय करणाऱ्या सत्तेबद्दल देवाला सरळ जाब विचारला आहे. ब्याऐंशीवं तर न्याय करणाऱ्यांनाच खडसावतं. बहिणीचे माड गेले, शब्द पाळला गेला नाही, हे देवापुढे जसंच्या तसं मांडायची पूर्ण मुभा तुम्हाला आहे. आवाज चढला तरी हरकत नाही.

दुसरी आहे मध्यस्थी. म्हणजे त्या माणसाच्या बाजूला उभं राहून त्याच्यासाठी मागणं. प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चार शब्द ओळीनं येतात: विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी, उपकारस्तुती. हे सगळं सर्व माणसांसाठी करा, आणि राजांसाठी व वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीही करा, असं तो सांगतो. परंपरेनुसार तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. म्हणजे राजा चांगला असेल तरच त्याच्यासाठी मागा, अशी अट इथे असूच शकत नाही.

गाऱ्हाणं मोकळेपणानं घातलं नाही, की ते मध्यस्थीत झिरपतं. तुमच्या त्या बंधूंचं ‘सद्बुद्धी दे’ हे तसं झिरपलेलं गाऱ्हाणं आहे. शब्द प्रार्थनेचे आहेत, पण त्यांचा रोख शेजारी बसलेल्या माणसाकडे आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला स्वतःला नीतिमान समजणारा परूशी ‘मी त्या जकातदारासारखा नाही’ म्हणून देवाचे आभार मानतो, त्याचीच ही बहीण. म्हणून शुक्रवारच्या सभेत दोन्हींना वेगळी जागा द्या. आधी गाऱ्हाणं, स्तोत्र वाचून, मोकळेपणानं. मग दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. त्यानंतर मध्यस्थी. ही दोन मिनिटं गाळू नका. ओरडून झाल्यावर श्वास खाली बसायला तेवढा वेळ लागतो. आणि तुमचा घसा दाटत असेल तर पुढचे काही शुक्रवार साहेबांचं नाव दुसऱ्या कोणी घ्यावं, तुम्ही फक्त ‘आमेन’ म्हणा. तेवढंही पुष्कळ आहे.

आता ‘आत्मिक वाढ’ या शब्दाकडे वळते. पत्र वाचताना असं वाटतं की तुमच्या सभेत त्याचा अर्थ ‘ते आपल्याला हवं तसं वागू लागतील’ असा धरला गेला आहे. बंधारा झाला तर वाढ झाली, नाही झाला तर प्रार्थना वाया गेली. बंधारा मागणं योग्यच आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते. पण बंधारा झाला म्हणजे एखाद्याचा आत्मा वाढला असं होत नाही. निवडणूक तोंडावर आली म्हणूनही बंधारे होतात. आणि एखादा माणूस आतून खरोखर बदलला, तरी तुमचं काम मंत्रालयातल्या फायलीत अडकलेलं राहू शकतं.

गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ नऊ शब्दांत सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. हे शब्द उपासनेत वाचून सोडून द्यायचे नाहीत, ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दिवसावर लावून पाहायचे. सरपंचाच्या दारात सकाळी सातला चौथा माणूस तीच तक्रार घेऊन येतो आणि त्याचंही ऐकून घेतलं जातं, ती सहनशीलता. ज्या वाडीनं मत दिलं नाही, तिच्या रस्त्याचं काम मुद्दाम मागे न ठेवणं म्हणजे सौम्यता. ठेकेदार टक्केवारीचं बोलू लागल्यावर विषय तिथेच थांबवणं हे इंद्रियदमन, आणि ते फार अवघड असतं, कारण तो ठेकेदार बहुतेक वेळा जवळच्यांपैकीच असतो. न केलेल्या कामाचा फ्लेक्स लावू न देणं हा विश्वासूपणा. आमदारांकडे एका बाजूनं पारंपरिक मच्छीमार येतात, दुसऱ्या बाजूनं मोठ्या घेरजाळ्यांनी मासे पकडणारे पर्ससीनवाले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारनं 2017 साली बंदी घातली, तरी रात्री समुद्रावर उजेड दिसल्याच्या तक्रारी थांबत नाहीत, आणि कारवाईसाठी फोन कधी करायचा की करायचाच नाही, हे दोन्हीकडच्या मतांकडे पाहून ठरण्याचा मोह रोजचा आहे. त्या मोहाच्या क्षणी त्या माणसाच्या आत काय चालतं, तिथे आपली प्रार्थना पोचायला हवी.

दानीएलानं नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नाचा अर्थ सांगितला तेव्हा सल्लाही असाच रोकडा दिला होता: न्यायानं वाग आणि गरिबांवर दया कर. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, असं त्यानं सांगितलं. शिपायांना म्हणाला, कोणाला धमकावून पैसे काढू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे. सभेत एकदा ते वाचून तलाठी, पोलीस, बंदर खात्यातले कर्मचारी यांच्यासाठी मागून पाहा. प्रार्थना किती जमिनीवर येते ते कळेल.

मग ख्रिस्ती नसलेल्यांचं काय, हा तुमचा प्रश्न. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव कोरेश या परक्या, इस्राएली नसलेल्या राजाला नावानं हाक मारतो, त्याच्याकडून काम करून घेतो, आणि ‘तू मला ओळखत नव्हतास तरी’ असंही म्हणतो. सत्य, न्याय, नम्रता, दया हे कोणत्याही माणसात वाढावं असं मागणं यात आगाऊपणा कसला? सर्वांचं तारण व्हावं ही ख्रिस्ती आशा तीमथ्याच्या त्याच अध्यायात पुढे स्पष्ट लिहिली आहे, ती लपवायचं कारण नाही. पण ‘साहेब आपल्या मंडळीत येवोत’ असं सभेत मागू नका. त्यानं त्या माणसाची वाढ होत नाही, मंडळीचं वजन वाढतं, आणि वजन वाढावं ही आपलीच इच्छा असते. शिवाय तुमची सभा खळ्यात भरते. पाणंदीतून जाणाऱ्याला प्रत्येक शब्द ऐकू जातो. ते साहेब, किंवा त्यांची आई, त्या पाणंदीत थांबून ऐकत असती तर त्यांना आपल्यासाठी कोणी मायेनं मागतंय असं वाटलं असतं का, हे प्रत्येक वाक्याला स्वतःला विचारा.

आता प्रत्यक्ष सभा कशी घ्यायची.

नीतिसूत्रांच्या एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत राजाचं मन परमेश्वराच्या हातात पाटाच्या पाण्यासारखं आहे, त्याला वाटेल तिकडे तो ते वळवतो, असं म्हटलं आहे. माडा-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. शिंपणं करणारा पाटाच्या कडेनं चालतो, एका आळ्याच्या तोंडाशी असलेली माती कुदळीनं ओढतो, पाणी आत वळतं. आळं भरलं की तीच माती परत तोंडाशी लावून पुढच्या आळ्याकडे जातो. पाणी तेच, पाटही तोच. पण घाईत कोणी चार-पाच आळ्यांची तोंडं एकदम उघडली तर पाणी सगळीकडे नुसतं ओलं करून जातं, मुळापर्यंत मुरत कुठेच नाही.

पुढाऱ्यांसाठीच्या बहुतेक प्रार्थना इथेच फसतात. ‘राष्ट्रपतींपासून ग्रामपंचायत सदस्यांपर्यंत सर्वांना आशीर्वाद दे’ असं एका दमात म्हटलं जातं आणि कोणाच्याच मुळाशी काही जात नाही. म्हणून एका शुक्रवारी एकच माणूस. पहिल्या आठवड्यात सरपंच किंवा नगराध्यक्ष. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याविरुद्ध हरलेला उमेदवार. हा दुसरा आठवडा चुकवू नका, कारण सभेतली दोन्ही पक्षांची घरं एकत्र टिकतील ती यामुळेच. तिसऱ्यात आमदार किंवा खासदार. चौथ्यात अधिकारी: ग्रामसेवक, तलाठी, गटविकास अधिकारी (बीडीओ), पोलीस ठाण्याचे निरीक्षक. महिन्यात पाचवा शुक्रवार आला तर स्वतःसाठी, मतदार म्हणून. त्याबद्दल पुढे लिहिते.

पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि त्यावर चारच ओळी लिहा. पहिलीत नाव आणि पद. दुसरीत त्यांनी केलेलं एक खरं काम, उपकारस्तुतीसाठी. ते सापडत नसेल तर विचारून शोधा. कोणीतरी म्हणेलच की आजी वारली तेव्हा ते स्वतः आले होते. तिसरीत येत्या पंधरा दिवसांत त्यांच्यासमोर येणारा एक निर्णय. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, ग्रामसभेच्या नोटिशीत किंवा वर्तमानपत्राच्या तालुक्याच्या पानावर मिळतो. चौथीत त्या नऊ फळांपैकी एकच. पक्षाचं नाव कार्डावर नको, आरोप नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तर मुळीच नको. देवाला बातम्या सांगायची गरज नाही. ज्यांना सांगायची सवय असते ते शेजाऱ्याला सांगत असतात.

वेळ पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. वचन तीन मिनिटं, गाऱ्हाणं चार, शांतता दोन, मध्यस्थी पाच, शेवटी प्रभूची प्रार्थना. मध्यस्थीत प्रत्येकानं तीन वाक्यांच्या आत बोलायचं. लांबली की भाषण होतं, आणि भाषणाला टाळ्या हव्या असतात. वाचायला काय, असं विचाराल तर बाहत्तरावं स्तोत्र, पहिल्या राजे पुस्तकाचा तिसरा अध्याय, दानीएलाचा चौथा आणि वर सांगितलेले लूकचे दोन उतारे आलटून पालटून महिनोन्‌महिने पुरतील.

नमुना म्हणून एक प्रार्थना देते, दोघा-तिघांत वाक्यं वाटून म्हणता येईल अशी. तशीच पाठ करू नका, कार्डावरच्या माहितीप्रमाणे बदला.

‘हे स्वर्गातील पित्या, आमच्या सरपंचबाई तुझ्या हातची निर्मिती आहेत. या आठवड्यात त्यांनी दारात आलेल्या प्रत्येकाचं ऐकून घेतलं, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. सोमवारी नळपाणी योजनेचं बिल त्यांच्या सहीला येणार आहे. सही करण्याआधी काम स्वतः पाहून येण्याचं धैर्य त्यांना दे. ज्या वाडीनं त्यांना मत दिलं नाही, तिची तहान त्यांना आपली वाटू दे. त्यांच्या घरात शांती असू दे. आणि त्यांच्याबद्दल आम्ही जे बोललो त्यात खोटं असेल तर आम्हाला क्षमा कर. प्रभू येशूच्या नावानं मागतो, आमेन.’

याला मिनिटभरच लागतं. त्यात एक गोष्ट जाणूनबुजून घातली आहे. महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा 2011 पासून महिलांसाठी राखीव आहेत, तरी कित्येक गावांत सही बाईंची आणि कारभार यजमानांचा असतो. अशा बाईंना स्वतः निर्णय घ्यायचं बळ मिळो, हे मागणं आत्मिक वाढीचंच आहे. भीतीखाली कोणाचा आत्मा वाढतो?

शलमोनाच्या गोष्टीतून आणखी एक सांगते, कारण इथे बहुतेकांची नजर चुकते. गादीवर बसल्यावर त्यानं दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करायला समजूतदार मन मागितलं. आमदारांसाठी याहून चांगलं मागणं नाही. पण पहिल्या राजे पुस्तकाच्याच अकराव्या अध्यायात म्हातारपणी त्याचंच मन भरकटतं. आपण पुढाऱ्यांसाठी जोरात प्रार्थना करतो ती निवडणुकीआधी आणि शपथविधीला. पाच वर्षांच्या मुदतीत पहिलं वर्ष उत्साहाचं असतं, शेवटचं धाकाचं. मधल्या वर्षांत कोणी फारसं पाहत नाही, खुशामत करणारे तेवढे भोवती उरतात, आणि माणूस घसरतो तो तिथे. तुमच्या सभेची खरी गरज तेव्हा आहे. तीन वर्षांच्या पुढेही हे चालू राहील अशा बेतानंच हात घाला.

त्या बंधूंशी बोलणं तुम्हालाच करावं लागेल. सभेत नको. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एकांती जाऊन बोलायला सांगितलं आहे, तसं चहाला जा. त्यांना चूक दाखवण्यापेक्षा पुढच्या शुक्रवारी कार्डावरची दुसरी ओळ, म्हणजे उपकारस्तुती, त्यांच्याकडे सोपवा. ज्याच्या नावानं टोमणा मारायची सवय लागली आहे, त्याच्याच एका चांगल्या कामासाठी देवाचे आभार मानायचे म्हणजे आधी ते काम शोधावं लागतं. बहुतेक वेळा टोमणा त्या शोधातच विरतो. नाही विरला, तर त्यांच्या गाऱ्हाण्याला जागा हवी आहे असं समजा आणि ती सभेच्या पहिल्या भागात मनापासून द्या.

आता नाताळ. इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि पास्टरसाहेबांशी नाही, हे स्पष्ट लिहिते. साहेब उपासनेला आले तर त्यांचं स्वागत बाकावर करा, इतर पाहुण्यांसारखंच. शेवटचा आशीर्वाद सगळ्यांबरोबर त्यांनाही मिळतोच. वेदीजवळ बोलावून डोक्यावर हात ठेवायचा, तर त्याचा अर्थ त्यांना आधी समजावून सांगितला आहे का? त्यांना तो मान्य आहे का? पाहुणा समोर सगळ्यांदेखत नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिथे विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. पौल तीमथ्याला उतावळीनं कोणावर हात ठेवू नकोस असं सांगतो. ते मंडळीतल्या नेमणुकीबद्दल आहे हे खरं, पण ज्या कृतीला मंडळीत इतका अर्थ आहे ती शाल-श्रीफळासारखी वापरायची नाही, हे त्यातून कळायला हरकत नाही.

काय बिघडतं ते सांगते. फोटो निघतो. दोन दिवसांत तो फ्लेक्सवर येतो. तेव्हापासून ‘चर्चवाले त्यांचे’ असं गाव धरून चालतं. सभेतली दुसऱ्या पक्षाची घरं मागच्या बाकावर सरकतात, मग यायचीच थांबतात. पुढच्या निवडणुकीत दुसरा उमेदवार जिंकला की तुमची मंडळी आधीच हरलेली असते. शिवाय कायदाही आहे. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणाऱ्या 1988 च्या केंद्रीय कायद्यानं अशा संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू देणं गुन्हा ठरवलं आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत चर्च, मंदिर, मशीद यांचा प्रचाराला वापर करायला मनाई आहे. धर्माच्या नावानं मत मागणं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतं, आणि 2017 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बहुमतानं त्याचा अर्थ आणखी रुंद केला. प्रार्थना करणं म्हणजे प्रचार नव्हे. पण माईक, शाल, वेदी आणि फोटो एकत्र आले की फरक दाखवणं तुम्हालाच जड जाईल.

पास्टरसाहेबांना हे सगळं ऐकवू नका, एक पर्याय द्या. साहेबांची खरी इच्छा असेल तर नाताळ सोडून कोणत्याही साध्या दिवशी, पास्टर आणि दोन वडीलधारी माणसं, फोन बाहेर ठेवून, दार लोटून, पाच मिनिटं. काय मागू, असं आधी त्यांनाच विचारा. खुर्चीतल्या माणसाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुलीच्या आजारपणाबद्दल सांगतील, झोप लागत नाही म्हणतील. ते ऐकलेलं त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका, तुमच्या शुक्रवारच्या सभेतही नाही. आणि हीच सोय विरोधी उमेदवारालाही असू द्या.

तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं लिहिलं होतं की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, सुरक्षित घर, विश्वासू सिनेट, प्रामाणिक प्रजा मागतो, मात्र सम्राटाला देव म्हणणार नाही. त्याच्याही आधी, पहिल्या शतकाच्या अखेरीला, रोमच्या मंडळीनं करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात राज्यकर्त्यांसाठी आरोग्य, शांती, एकोपा आणि स्थैर्य मागितलं आहे. छळ सोसलेल्यांची ही प्रार्थना. तुमच्या शेजारची कॅथलिक कुटुंबं उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दहा विनंत्या करतात, त्यातली नववी राज्यकारभार करणाऱ्यांसाठी असते. तुमच्या सभेचं नातं या ओळीशी आहे, स्टेजवरच्या सत्काराशी नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. बाबेलमध्ये धरून नेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि त्याच पत्रात सत्तर वर्षं लागतील असंही सांगितलं. बाणवली जातीचा माड लावला की सहा-सात वर्षं वाट पाहायची, हे आपण तक्रार न करता करतो. पण नुसतं ‘धीर धरा’ म्हणून तुम्हाला वाटेला लावणार नाही. एक वही ठेवा. तारीख, नाव, काय मागितलं, एवढंच. ‘उत्तर मिळालं’, ‘नाही मिळालं’ असे रकाने करू नका, कारण माणसाच्या आतलं आपल्याला दिसत नाही. सहा महिन्यांनी वही सगळ्यांनी मिळून वाचा. मागणी कोणत्या बाजूला झुकली, कोणाचं नाव सारखं टाळलं गेलं, कोणाच्या बाबतीत उपकारस्तुतीची ओळ कधी सापडलीच नाही, हे दिसेल. लोकांनी हट्टानं राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्टा दुखावला होता. तरी तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडलं तर ते परमेश्वराविरुद्ध पाप ठरेल, असं तो म्हणतो. पहिल्या शमुवेल पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे.

आणि पाचवा शुक्रवार. शास्त्रात बहुतेक राजे वारशानं येत. आपल्याकडे ते आपल्या बोटावरच्या शाईतून येतात. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेणारं घर आणि शुक्रवारी पुढाऱ्याच्या प्रामाणिकपणासाठी मागणारं घर एकच असेल, तर ती प्रार्थना कोणत्या तोंडानं करायची? हे कोणाकडे पाहून म्हणायचं नाही, डोळे मिटून म्हणायचं. कोणी बोलून दाखवलं तर ऐकून घ्या, नाव लिहू नका.

शेवटी बंधारा. प्रार्थनेच्या नावाखाली ही मागणी सोडून देऊ नका. नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहून ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणाला, तेव्हा तोही दावीदाच्या आत्म्याची काळजीच करत होता. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्यांच्याआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे बहिणीला सोबत घेऊन ठराव मांडा. कामाच्या मंजुरीचं काय झालं ते माहितीच्या अधिकारात विचारा, अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो. अर्जासोबत गेलेल्या माडांचे फोटो तारखेसह लावा, सात-बारा उताऱ्याची प्रत जोडा. अर्ज देताना दुसरी प्रत जवळ ठेवा, तिच्यावर शिक्का आणि सहीनिशी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.